मोरोच्या बारा चादरी

बूर्नूच्या चौकात उभं राहून "ओ मोरो!" अशी हाक मारली, तर निम्मा बाजार मागे वळतो आणि उरलेला निम्मा "कुठला मोरो?" म्हणून विचारतो. गावात मोरोंची सतरा घरं. टेलिफोनच्या जाड पुस्तकात आमच्या गावाला दीड पान मिळतं, त्यातलं पाऊण पान मोरोंचं. त्यामुळे इथे आडनावाला काडीची किंमत नाही, माणूस ओळखला जातो तो शेपटाने. मोरो गिरणी, मोरो विहीर, मोरो लंगडा (हा धडधाकट आहे, लंगडा त्याचा आजा होता), आणि मोरो खोरे.

मोरो खोरे म्हणजे अनातोल. नगरपालिकेचा मैलकुली. रस्त्याकडेचं गवत कापायचं, गटारं मोकळी ठेवायची, बर्फ लोटायचं, सणावाराला झेंडे लावायचे, आणि कुणी मेलं तर खड्डा खणायचा, ही कामं तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून करत आलेला. माणूस सरळ. इतका सरळ की त्याने खणलेल्या चराच्या कडेला पट्टी लावून रेघ मारावी. पिणं बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. अशा माणसाला एखादं व्यसन तरी हवं, म्हणून देवाने त्याला मत्सर दिला होता. तोही एकाच माणसाचा, आणि एकतीस वर्षं न चुकता.

तो माणूस म्हणजे मोरो बाजा. सिल्व्हेर मोरो, अकॉर्डियन वाजवणारा. अनातोलचा तो भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. आडनाव सोडलं तर दोघांत काहीच सारखं नाही, आणि तेवढं एक सारखं होतं तेच नडलं.

त्याचं असं झालं. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना रुखवतात तागाच्या बारा चादरी नेते. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने अक्षर काढलेलं असतं, आणि ते अक्षर सासरच्या आडनावाचं. शब्द पक्का झाल्याशिवाय कुणी सुईत लाल दोरा ओवत नाही, कारण तागावरून दोरा उसवला तरी भोकं राहतात, आणि भोकं बोलतात. लेओनी पास्के ही गावातल्या धोबिणीची एकुलती एक मुलगी. सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत तिच्या आईने धुण्याच्या कुंडाजवळ बारा चादरी वाळत घातल्या. बाराही चादरींच्या कोपऱ्यात लाल 'एम'. त्या हिवाळ्यात लेओनी दर शनिवारी नाचाला जात होती आणि मंचावर अकॉर्डियन घेऊन सिल्व्हेर मोरो बसत होता. गावाने दोन अधिक दोन केले. ईस्टरनंतर सिल्व्हेर पॅरिसला पळाला, तिथे त्याचं नाव झालं, रेडिओवर आला, तबकड्या निघाल्या. आणि जून महिन्यात अनातोल धुतलेला सदरा घालून पास्केबाईंच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी विचारायला आलोय."

लेओनी हो म्हणाली. चादरी तयारच होत्या.

कुंडावरच्या बायकांनी मग जे तोंड सोडलं ते आजवर मिटलेलं नाही. "अनातोलचं बरं आहे. बायको आयती, अक्षर आयतं." "एक मोरो उठून गेला, दुसरा जाऊन बसला. खुर्ची तीच!" अनातोल हे ऐकायचा आणि खोरं जरा जोरात मारायचा. घरी मात्र एक शब्द नाही. एकतीस वर्षं रोज सकाळी डोळा उघडला की नाकासमोर तो लाल 'एम'. अक्षराचा उजवा पाय खाली येऊन बोकडाच्या शिंगासारखा वळलेला. तो वळसा त्याला स्वतःच्या सहीपेक्षा जास्त पाठ होता. हे शिंग कुणासाठी वळवलं, एवढाच त्याच्या आयुष्यातला प्रश्न. विचारायची हिंमत नव्हती, कारण उत्तर 'हो' आलं तर झोपायचं कुठे?

रेडिओवर अकॉर्डियन लागलं की तो कोळशाच्या खोलीत काहीतरी शोधायला जायचा. लेओनीने सिल्व्हेरची तबकडी आणली, तर तो तिच्यावर बसला. "दिसली नाही," म्हणाला. तिने दुसरी आणली. ती त्याला चांगली दिसत होती, म्हणून तिच्यावर बसता येईना.

अठ्ठ्याऐंशी सालच्या वसंतात आमच्या नगराध्यक्षाबाईंना, म्हणजे मादाम तिसिएंना, कल्पना सुचली. शेजारच्या गावाकडे किल्ला आहे, पलीकडच्या गावाकडे चिनी मातीची भांडी आहेत. बूर्नूकडे काय आहे? मोरो आहेत. तेव्हा जुन्या शाळेच्या खोलीत नामवंत मोरोंचं दालन करायचं. निवृत्त मास्तर प्रुव्हो यांनी चार नावं काढली. पाद्री आन्सेल्म मोरो, ज्याने दीडशे वर्षांपूर्वी जिल्ह्यातलं सगळं शेवाळ गोळा करून वहीत चिकटवलं. आशील मोरो, ज्याने देशातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीत शेवटून दुसरा नंबर मिळवला. क्लेमाँस मोरो, जन्मभर अविवाहित राहिलेली सुईण, जिने तीन हजार पोरं या जगात आणली. त्यातले निम्मे मोरो असल्याने आजच्या घोटाळ्याला तीही थोडी जबाबदार. आणि चौथा, एकुलता एक जिवंत, सिल्व्हेर.

दालन उभं करायचं काम अर्थातच मैलकुलीचं.

त्या संध्याकाळी जिनेतच्या कॅफेत मोरो गिरणी, म्हणजे बाझील, वाटच बघत होता. पांढऱ्या वाइनचा पेला अनातोलकडे सरकवत तो म्हणाला, "काय रे खोरे, ऐकलं ते खरं का? तू सिल्व्हेरची तसबीर लावणार?"

"चार लावणार. त्यातली एक त्याची."

"बरोबर सरळ लाव हो. नाहीतर लोक म्हणतील, मनात काहीतरी आहे."

"माझ्या मनात काही नाही."

"तेच तर," बाझील इतरांकडे बघून म्हणाला. "मनात काही नाही, सगळं चादरीवर आहे."

कॅफे खदखदलं. जिनेतने फडक्याने बाझीलच्या डोक्यात मारलं आणि स्वतःही हसली. अनातोलने पेला संपवला, तोंड पुसलं. "गिरणीवाल्या," तो म्हणाला, "तुझ्या पिठात भुसा असतो आणि बोलण्यातही." उत्तर बरं होतं, पण एकतीस वर्षांत तो ते साधारण चाळिसाव्यांदा देत होता.

दालनाचं काम त्याने चोख केलं. भिंती चुन्याने उजळल्या, लाकडी पाट्या रंधून घेतल्या, पाण्याची नळी लावून पातळी साधली. पाद्री, सायकलवाला आणि सुईण यांच्या तसबिरी खिडकीच्या उजेडात अशा लागल्या की पाद्रीच्या नाकावरचा मस दिसावा. सिल्व्हेरची तसबीर त्याने दाराच्या मागे लावली. दार उघडलं की ती झाकली जायची, आणि दालन उघडं असताना दार उघडंच राहणार होतं.

मादाम तिसिए बघायला आल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अनातोल, तीनच दिसताहेत."

"चार आहेत बाई. दार लावून घ्या म्हणजे दिसेल."

त्यांनी दार लावलं. सत्तर दात असल्यासारखा सिल्व्हेर त्यांच्याकडे बघून हसला.

"अनातोल, या कार्यक्रमाला येणारा जिवंत माणूस हा एकटाच आहे. पॅरिसहून येतोय. त्याला दाराआड उभं करायचं?"

"तिथे ऊन लागत नाही. फोटो टिकतो."

"मधोमध," बाई म्हणाल्या. "डोळ्यांच्या उंचीला." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "तुमच्या नव्हे, माझ्या." बाई उंचीने फार नव्हत्या, पण अनातोलला मुद्दा कळला.

घाव इथेच थांबला असता तर बरं होतं. अनावरणासाठी चारही तसबिरींवर पडदे हवे होते. नगरपालिकेकडे झेंडे होते, पण चौदा जुलैचे, म्हणजे क्रांतिदिनाचे झेंडे पाद्रीवर टाकायला मास्तर तयार होईनात. गुरुवारच्या बाजारात बकरीच्या चीजच्या रांगेत हा विषय निघाला, आणि रांगेत लेओनी होती.

दुपारी बटाट्याची थालिपिठासारखी गालेत ताटात वाढताना तिने सांगितलं, "मी चार चादरी देते म्हटलंय."

अनातोलचा घास तिथेच थांबला. "कुठल्या चादरी?"

"कुठल्या म्हणजे? माझ्या लग्नातल्या. गावात तसा ताग कुणाकडे आहे? मादाम तिसिए तर खूश झाल्या. म्हणाल्या, आयता एम आहे कोपऱ्यात, तोच बाहेर दिसू दे."

"आयता," अनातोल म्हणाला.

"काय झालं?"

"काही नाही. मीठ कमी आहे."

मीठ अगदी बेताचं पडलं होतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि चीजचा तुकडा त्याच्या पुढ्यात सरकवला. लेओनी आता चोपन्नची होती. केस पांढरे झाले होते, पण बाजारातून यायची तेव्हा पाठ अजून अशी ताठ की डोक्यावर घागर ठेवावी. त्या चादरींचा तिला भारी अभिमान. वर्षातून दोनदा बाराही एकदम बाहेर काढायची, लव्हेंडरच्या पुड्या बदलायची, मोजून परत ठेवायची. अनातोलच्या मते, जी बाई चादरीवर एवढा जीव लावते ती नुसत्या तागावर लावत नाही.

रविवारी कार्यक्रम. शुक्रवारी सकाळी बसमधून एक पत्र्याची पेटी उतरली. सुईण क्लेमाँसच्या भाचीने लिमोझहून मावशीच्या वस्तू पाठवल्या होत्या. तसबिरीखालच्या काचेच्या कपाटात मांडायला. प्रुव्हो मास्तर त्या वेळी पाद्रीच्या शेवाळाशी झटत होते. दीडशे वर्षांचं शेवाळ शिंकेनेसुद्धा उडतं.

"अनातोल, ती पेटी उघड आणि मांड रे. मी इथून हललो तर आन्सेल्मची दहा वर्षं जमिनीवर येतील."

अनातोलने पेटी उघडली. कातडी पिशवी, कात्री, नाळ मोजायची फीत, जन्मांची नोंदवही. तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदात काहीतरी मऊ. त्याने कागद सोडला. उशांचे दोन अभ्रे. जाड पांढरा ताग. कोपऱ्यात लाल 'एम', आणि त्याचा उजवा पाय बोकडाच्या शिंगासारखा वळलेला.

माणूस आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात ओळखतो तसा अनातोलने तो वळसा ओळखला. तरी त्याने अभ्रा उजेडात नेला. तोच दोरा. शिंगाच्या टोकाला तोच एक टाका जास्तीचा, जो तो इतकी वर्षं मोजत आला होता. मग त्याची नजर कागदावर गेली. कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, सुईणीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: "दुसऱ्या एका मोरोशी ठरून मोडलेल्या माझ्या लग्नासाठी आईने केलेल्या बारा चादरी मादाम पास्के यांना, मुलीकरता. माझ्या आजारात त्यांनी केलं ते सख्खी करणार नाही. अभ्रे राहू देत, डोकं टेकायला लागतात. जानेवारी १९५७."

अनातोल सुईणीच्या पेटीवरच बसला.

म्हणजे तो 'एम' सिल्व्हेरचा नव्हता. अनातोलचाही नव्हता. तो एका म्हाताऱ्या कुमारिकेचा होता, कपाटात पन्नास वर्षं घडी न मोडता पडलेला. पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर त्याला पळत सुटावंसं वाटलं. कॅफेत जाऊन हे दोन अभ्रे बाझीलच्या तोंडावर मारावेत. घे, हा घे तुझा भुसा! फार काही करायचंही नव्हतं. अभ्रे काचेत मांडायचे आणि गप्प बसायचं. वर तसबिरीवर लेओनीची चादर, खाली सुईणीचा अभ्रा. रविवारी सकाळी गावच्या बायका रांगेने येतील. लाल दोऱ्याच्या बाबतीत त्यांचे डोळे जकात नाक्यावरच्या शिपायासारखे. पहिली बाई थांबेल, दुसरी वाकेल, तिसरी कुजबुजेल, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मोरो बाजाचं भूत गावातून हद्दपार होईल.

आणि मग त्या बायका काय म्हणतील?

इथे अनातोलचं खोरं दगडाला लागलं. आमच्याकडे उष्ट्या तागावर संसार मांडणं म्हणजे काय, ते त्याला सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या आईकडूनच त्याने ऐकलं होतं: जिची चादर मागितलेली, तिचा नवराही मागितलेला. लेओनीची आई दुसऱ्यांचे कपडे धुवायची. दिवसभर लोकांचा ताग पिळणाऱ्या बाईच्या घरात स्वतःचा ताग कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा कुणालाच सुचला नव्हता. अनातोललाही नाही. सगळ्यांचं लक्ष अकॉर्डियनकडे. आणि लेओनी एकतीस वर्षं ताठ पाठीने त्या चादरी कुंडावर नेत होती, वाळत घालत होती, आणि बायका गालात हसल्या की आपणही किंचित हसत होती. ते हसू अनातोलला दरवेळी सुरीसारखं लागायचं. आज ते नीट दिसलं. ते आठवणीचं हसू नव्हतंच. ते झाकण्यासाठीचं होतं.

"मांडलं का रे?" मास्तरांचा आवाज.

"होतंय."

त्याने दोन्ही अभ्रे कागदासकट सदऱ्याच्या आत घातले आणि वरची बटणं लावली. जूनमध्ये.

जरा वेळाने मास्तर भाचीचं पत्र घेऊन आले आणि एकेक वस्तू तपासू लागले. "पिशवी, आहे. कात्री, आहे. वही... आणि उशीचे दोन अभ्रे, नक्षीकाम केलेले?"

"उंदरांनी खाल्ले."

"उंदरांनी? पेटी पत्र्याची आहे."

"पत्र्याच्या पेटीत शिरणारे उंदीर वेगळे असतात, गुरुजी."

मास्तरांनी त्याच्या फुगलेल्या छातीकडे बघितलं. चाळीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला सदऱ्याच्या आत काय दडवलंय ते नाही तरी काहीतरी दडवलंय एवढं कळतं. "अनातोल, तुला बरं नाही का?"

"गार वारा आहे."

"वारा," मास्तर म्हणाले, आणि यादीतल्या त्या ओळीवर सावकाश काट मारून शेवाळाकडे परत गेले.

रविवारी सकाळी अनातोल सगळ्यांच्या आधी दालनात होता. चार चादरी, चार खिळे. 'एम' आत वळवून टांगता आला असता. कुणी विचारलं असतं तर "चुकलं" म्हणता आलं असतं. त्याने चारही 'एम' बाहेर काढले. मधल्या तसबिरीवरचा, सिल्व्हेरच्या, त्याने दोनदा सारखा केला.

अकरा वाजता प्रार्थना सुटली आणि गाव आलं. बाझील नवीन टाय लावून पुढच्या रांगेत. बायका दुसऱ्या रांगेत, कारण तिथून पहिल्या रांगेचे कान आणि भिंत दोन्ही दिसतात. लेओनी निळ्या झग्यात. आणि मग मोटारीतून उतरला सिल्व्हेर मोरो. गुडघे गेलेले, केस रंगवलेले, कानात यंत्र. पण अकॉर्डियनची पेटी अशी उचलून आणली की जणू आत तान्हं मूल आहे. अनातोलने त्याचं वजन मनात मोजलं. खड्डा थोडा रुंद लागेल, त्याला वाटलं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

सिल्व्हेरने सगळ्या म्हाताऱ्यांच्या गालांना गाल लावले. लेओनीपाशी जरा थांबला. "लेओनी! पास्केबाईंची पोर! अगं, तू तर तशीच आहेस."

"तू नाहीस," लेओनी म्हणाली. लोक हसले. अनातोललाही हसता आलं असतं, पण सिल्व्हेरचा हात तिच्या कोपरावर अजून होता. अनातोलने मनात सातपर्यंत मोजलं तेव्हा तो निघाला.

भाषण झालं. पाद्री उघडला, सायकलवाला उघडला, सुईण उघडली. तिच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण निम्म्यांना तिनेच पहिल्यांदा चापट मारून रडवलं होतं. खालच्या कपाटात पिशवी, कात्री, वही. बायका वाकल्या, बघितलं, सरळ झाल्या. लेओनीने त्या कपाटाकडे बघितलं आणि तिचा चेहरा क्षणभर चुन्यासारखा झाला. पेटी आल्याचं तिला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. तिने काचेतल्या वस्तू एकेक करून बघितल्या, आणि मग तिची नजर संथपणे खोलीभर फिरून अनातोलवर येऊन थांबली. अनातोल त्या वेळी शिडीवर चढून छताला ओल लागली आहे का ते बघत होता.

"आता चौथा पडदा," मादाम तिसिए म्हणाल्या, "स्वतः मोरोसाहेबच ओढतील!"

सिल्व्हेरने चादर ओढली. ती त्याच्या हातात आली, आणि कोपरा नेमका वर. त्याने लाल अक्षर बघितलं. "अरे वा! ही तर माझ्या नावाची!"

दुसऱ्या रांगेत पहिल्यांदा एकच बाई फिसकली. मग बाझील खाकरला. मग सगळी खोली, रविवारचे कपडे घातलेली, देवाचं नाव घेऊन आलेली, तोंडावर हात धरून हलू लागली. सिल्व्हेर बावरून इकडे तिकडे बघत राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या नावाने एका घरातला माणूस एकतीस वर्षं कोळशाच्या खोलीत जात होता, याची त्याला गंधवार्ता नव्हती.

अनातोल शिडीवरून उतरला. चालत त्याच्यासमोर गेला आणि चादरीसाठी हात पुढे केला.

"होय," तो म्हणाला. मागच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्या आवाजात, जो त्याने आयुष्यात कधी काढला नव्हता. "गाव म्हणतं तुझ्यासाठीच होती. बारा होत्या. चार इथे आहेत, आठ घरी आहेत. पण झोपतो मी."

मग जो हशा उठला तो वेगळा होता. बाझील सगळ्यात मोठ्याने हसला आणि अनातोलच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला, "शाबास रे खोरे! बोललास एकदाचा!" सिल्व्हेरही हसला, अकॉर्डियन काढलं, आणि वाजवू लागला. वाजवत चांगलं होता, ही गोष्ट अनातोलला कुणी सांगायची गरज नव्हती. लेओनीच्या बुटाचं टोक तालावर हलत होतं. त्याने ते बघितलं, आणि बघत राहिला.

दुपारी घरी दोघांनी मिळून चादरींच्या घड्या घातल्या. चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन त्याच्याकडे, मागे जायचं, ताणायचं, जवळ यायचं. चौथी झाल्यावर लेओनीने कपाट उघडलं, आणि उरलेल्या चादरींच्या खाली तिला दोन अभ्रे दिसले. कागदासकट.

पाठमोरीच राहून तिने कागद उघडला, आणि पुन्हा मिटला.

"कधी कळलं?"

"शुक्रवारी."

"आणि तरी आज सगळ्यांसमोर म्हणालास, तुझ्यासाठी होती म्हणून."

"गाव म्हणतं, असं म्हणालो."

तिने कपाटाचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकली. "लोक सिल्व्हेरचं नाव घ्यायला लागले तेव्हा मी खरं सांगणार होते. आईने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, बोलू दे. प्रेमाची बदनामी चालते पोरी, गरिबीची चालत नाही. मग तू आलास. तुला सांगू म्हटलं, तर दिवस गेले, वर्षं गेली. तू विचारशील तेव्हा सांगू, असं ठरवलं."

"मी विचारलं नाही."

"एकदाही नाही. माझ्या तबकडीवर बसलास, पण विचारलं नाहीस."

अनातोल खुर्चीत बसला. छातीवरचं जातं उतरलं असं त्याला वाटायला हवं होतं, आणि थोडंसं वाटतही होतं. बाहेर शेजाऱ्याची कोंबडी कॉक कॉक करत होती. त्याने मसुरीच्या सूपचं भांडं जवळ ओढलं, डाव घातला, आणि डाव तसाच राहिला.

"लेओनी."

"काय?"

"म्हणजे चादरी आधी आल्या. एम असलेल्या. मग तुला नवरा मोरोच लागणार. दुसऱ्या आडनावाचा चाललाच नसता."

"नसता चालला. उसवलं असतं तर भोकं दिसली असती."

"त्या वर्षी गावात लग्नाचे मोरो किती होते?"

लेओनीने खरोखर विचार केला. हीच तिची चूक. बोटांवर मोजलं. "सिल्व्हेर. विहिरीवाल्यांचा थोरला. बाझील. आणि तू. चार."

"बाझील," अनातोल म्हणाला.

"अरे, त्याला तेव्हा केस होते."

"आणि विहिरीवाला?"

"तो दिसायला बरा होता."

"आणि मी?"

"तू विचारायला आलास," लेओनी म्हणाली. "चौघांतून दारात येऊन उभा राहिलास तो तू एकटा. बाकीचे नाचगाण्यात होते."

उत्तर चांगलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने उठून बायकोला जवळ घेतलं असतं. अनातोलने सूप ढवळलं. बराच वेळ ढवळलं.

"पण विहिरीवाला आला असता," तो म्हणाला, "तर?"